उतारावर कॅम्पिंग ट्रेलर उभा करताना: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांनी पहिल्यांदाच ट्रेलर भाड्याने किंवा विकत घेतला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ट्रेलर ताब्यात देताना मालक किंवा विक्रेता गॅस, पाणी, वीज आणि शौचालयाची टाकी यांची माहिती देतो, आणि हे सारे बहुधा एखाद्या सपाट, डांबरी आवारात उरकले जाते. प्रत्यक्षात शेनँडोआमधील बिग मेडोज किंवा ग्रेट स्मोकी माउंटन्समधील एल्कमाँट यांसारख्या डोंगरातील कॅम्पग्राउंडवर पोहोचल्यावर समोरची जागा एका अंगाला कललेली, मागे उतरत जाणारी आणि पाइनच्या सुयांनी झाकलेली असू शकते. अशा जागेवर दोन-अडीच टनांहून जड असलेले घर गाडीपासून सोडवून चाकांवर आणि एका बारीक जॅकवर उभे करायचे असते. हे काम अवघड नाही, परंतु त्याचा क्रम ठरलेला आहे, आणि तो क्रम चुकला तर ट्रेलर सरकतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात स्पष्ट करून घ्यावी. ट्रेलर जागेवर रोखून धरणे आणि ट्रेलर समतल करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले जिवाच्या सुरक्षिततेचे आहे, दुसरे मुख्यतः सोयीचे आणि यंत्रांच्या आयुष्याचे. नवीन माणसाचे लक्ष साहजिकच पाणसळीतल्या बुडबुड्याकडे लागते, आणि बुडबुडा मधोमध आला की काम झाले असे त्याला वाटते. पण बुडबुडा मधोमध असलेला ट्रेलरही चाके मोकळी असतील तर उतारावरून खाली जाईल. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यावर ‘आत्ता हा ट्रेलर कशामुळे जागेवर आहे?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि त्याचे नेमके उत्तर देता येत नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नये.

संपूर्ण क्रम थोडक्यात असा आहे: ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच आडव्या दिशेने, म्हणजे डावी-उजवी बाजू, समतल करावी, मग चाके रोखावीत, मग गाडी सोडवावी, मग पुढच्या जॅकने लांबीच्या दिशेने समतल करावे, आणि सर्वांत शेवटी चारही कोपऱ्यांचे टेकू खाली सोडावेत. आडवी दिशा आधी का, याचे कारण सरळ आहे. डाव्या किंवा उजव्या चाकांखाली फळी घालायची तर ट्रेलर त्या फळीवर चढवावा लागतो, आणि ते गाडीशिवाय शक्य नाही. गाडी सोडवल्यावर हे लक्षात आले तर पुन्हा सगळे जोडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

समतल का करायचे

झोपताना डोके खाली जाणे, दार आपोआप उघडणे किंवा तव्यावरचे तेल एका कडेला जाणे या त्रासांपेक्षा महत्त्वाचे कारण म्हणजे फ्रिज. अनेक ट्रेलरमध्ये, विशेषतः जुन्या ट्रेलरमध्ये, घरातल्यासारखा कॉम्प्रेसर असलेला फ्रिज नसतो; गॅसवर किंवा विजेवर चालणारा शोषण पद्धतीचा, म्हणजे ‘अ‍ॅब्सॉर्प्शन’ फ्रिज असतो. त्याच्या मागच्या नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात आणि द्रव केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली वाहत असतो. फ्रिज कलला की हा प्रवाह अडतो, उष्णता देण्याचा भाग प्रमाणाबाहेर तापतो, आणि गंज रोखण्यासाठी त्या द्रावणात घातलेला क्षार घट्ट होऊन नळ्यांमध्ये साचतो. हे नुकसान थोडे थोडे साठत जाते आणि दुरुस्त होत नाही. अखेरीस पूर्ण शीतकरण संच बदलावा लागतो. अशा फ्रिजच्या पुस्तिकांमध्ये साधारणपणे एका दिशेने 3 अंश आणि दुसऱ्या दिशेने 6 अंश अशी कलण्याची मर्यादा दिलेली असते. आपल्या फ्रिजची नेमकी मर्यादा आणि दिशा त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावी. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातील बहुतेक कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी मिळत नाही, त्यामुळे तिथे असा फ्रिज दिवसरात्र गॅसवर चालतो, आणि नेमक्या अशाच डोंगराळ जागी जमीनही कललेली असते. अलीकडच्या बऱ्याच ट्रेलरमध्ये 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असतो. त्याला कलण्याचा त्रास फारसा होत नाही. आपला फ्रिज कोणत्या प्रकारचा आहे हे ट्रेलर ताब्यात घेतानाच विचारून ठेवावे.

याशिवाय बाहेर सरकणारी खोली, म्हणजे स्लाइड-आउट, असेल तर ट्रेलर समतल झाल्याखेरीज ती उघडू नये. कललेल्या स्थितीत तिचे सारे वजन एका रुळावर येते आणि ती अडकते. टाक्यांमधील पाण्याची पातळी दाखवणारे दिवेही कललेल्या ट्रेलरमध्ये खोटी माहिती देतात.

जागा निवडताना

अर्धी अडचण आरक्षण करतानाच टाळता येते. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील बहुतेक कॅम्पग्राउंडचे आरक्षण ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर होते, आणि तिथे प्रत्येक जागेच्या तपशिलात वाहन उभे करण्याच्या पट्टीची लांबी, पृष्ठभाग, मागे घेत शिरायचे की सरळ आरपार जाता येते, आणि बऱ्याचदा उताराचे स्वरूप हेही दिलेले असते. हा तपशील छायाचित्रापेक्षा अधिक भरवशाचा असतो, कारण छायाचित्रात उतार नेहमीच सौम्य दिसतो. पहिल्या काही सहलींसाठी डांबरी किंवा घट्ट खडीची, आरपार जाणारी आणि सौम्य उताराची जागा घ्यावी, मग तिथून दिसणारे दृश्य थोडे कमी सुंदर असले तरी चालेल.

जागेवर पोहोचल्यावर लगेच गाडी आत घेऊ नये. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करून दोघांनी जागा पायी फिरून पाहावी. पाणी कुठून कुठे वाहते याच्या खुणा शोधाव्यात. मातीत पडलेल्या चऱ्या, एका ओळीत साचलेला पालापाचोळा आणि खडी वाहून गेलेले पट्टे यांवरून उताराची खरी दिशा कळते. याच खुणांवरून रात्री पाऊस आला तर लोंढा कुठून येईल हेही समजते, आणि त्या वाटेत चाके किंवा जॅक येणार नाहीत अशी जागा धरता येते. वर वाकलेल्या फांद्या, आगीची कडी, टेबल आणि विजेचा खांब यांची जागाही याच वेळी बघून ठेवावी, म्हणजे गाडी मागे घेताना लक्ष विचलित होत नाही.

आडवा उतार आणि लांबीचा उतार यांत निवड करता येत असेल तर सौम्य आडवा उतार पत्करावा, असे माझे मत आहे. आडव्या उतारावर चाके उताराला काटकोनात असतात, त्यामुळे ट्रेलरचा घरंगळण्याकडे कल कमी असतो आणि एका बाजूला फळी घातली की प्रश्न सुटतो. लांबीच्या उतारावर मात्र चाके थेट उताराच्या दिशेनेच फिरतात आणि सारा भार चाकांना लावलेल्या पाचरींवर येतो. लांबीचा उतार टळत नसेल तर ट्रेलरचे तोंड किंचित खाली राहील अशी जागा सावरायला सोपी, कारण जॅकने तोंड उचलता येते. तोंड वर आणि शेपूट खाली असेल तर तोंड खाली आणावे लागते, आणि जॅकचा पाय पूर्ण आत घेतला तरी एका मर्यादेनंतर तो जमिनीला टेकतोच. मग दोन्ही बाजूंची चाके सारख्या उंचीच्या फळ्यांवर चढवण्यावाचून उपाय उरत नाही.

जवळ काय असावे

चाकांखाली लावायच्या पाचरी, ज्यांना इथे ‘व्हील चॉक’ म्हणतात, त्या किमान चार असाव्यात, आणि त्या जाड, जड रबराच्या असाव्यात. हलक्या पोकळ प्लॅस्टिकच्या पाचरी खडीवरून चाकासकट सरकतात. दोन आस असलेल्या ट्रेलरसाठी दोन चाकांच्या मधल्या फटीत ताणून बसवायचा ‘एक्स-चॉक’ मिळतो. तो हेलकावे कमी करतो आणि मदतीला चांगला आहे, परंतु तो जमिनीवरच्या पाचरींना पर्याय नाही.

उंची देण्यासाठी एकमेकांत अडकणारे प्लॅस्टिकचे ठोकळे किंवा अर्धवर्तुळाकार चढती पाचर बाजारात मिळते. या चढत्या पाचरीवर चाक जितके पुढे न्यावे तितकी उंची वाढत जाते, त्यामुळे नवीन माणसाला ती सोयीची पडते. लाकडी फळ्याही तितक्याच उत्तम, आणि स्वस्त. फक्त लाकूड विकत घेताना हे लक्षात ठेवावे की इथल्या दुकानात ‘टू बाय टेन’ या नावाने मिळणारी फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच रुंद असते. ट्रेलरचा टायर फळीवर पूर्ण रुंदीने बसला पाहिजे, आणि 225 मिलिमीटरच्या टायरला ही रुंदी पुरते. ‘टू बाय सिक्स’ पुरत नाही, कारण ती साडेपाच इंचच असते. टायरची कड फळीबाहेर लोंबकळत राहिली तर सारे वजन अर्ध्याच टायरवर येते आणि आतील थर दुखावतात. फळीची दोन्ही टोके उतरती कापून घ्यावीत, म्हणजे चाक हिसका न बसता चढते.

यांखेरीज गवंड्याकडे असते तशी 24 इंची पाणसळ, जॅक आणि टेकूंखाली ठेवण्यासाठी रुंद पाट, जाड हातमोजे आणि डोक्याला बांधायचा दिवा जवळ ठेवावा. दिवा असला तरी काम उजेडात व्हावे अशीच वेळ ठरवावी. अंधारात उतार डोळ्यांना दिसत नाही आणि प्रवासाचा थकवा घाई करायला लावतो.

किती उंची द्यायची

हा हिशोब एकदा समजला की पुढचे सारे श्रम वाचतात, म्हणून तो नीट समजून घ्यावा.

ट्रेलर जिथे उभा राहणार त्याच जागी, दारातून आत गेल्यावर, पाणसळ जमिनीवर आडवी ठेवावी. तिचे खालच्या बाजूचे टोक हळूहळू उचलावे आणि बुडबुडा मधोमध आला की टोकाखाली किती अंतर पडले ते मोजावे. समजा ते अर्धा इंच आहे. याचा अर्थ 24 इंचांत अर्धा इंच उतार आहे. आता ट्रेलरच्या डाव्या आणि उजव्या टायरच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजावे. ते समजा साडेसहा फूट, म्हणजे 78 इंच आहे. 78 ला 24 ने भागले तर सव्वातीन येतात. म्हणून खालच्या बाजूच्या चाकांना अर्धा गुणिले सव्वातीन, म्हणजे सुमारे 1.6 इंच उंची हवी. दीड इंची एक फळी पुरेशी झाली. उरलेला दशांश इंच कोणत्याही यंत्राला जाणवत नाही. टोकाखाली एक इंच अंतर आले असते तर सव्वातीन इंच, म्हणजे दोन फळ्या लागल्या असत्या. दीड इंच आले असते तर जवळजवळ पाच इंच. आपल्या ट्रेलरचा हा गुणक, इथे सव्वातीन, एकदा काढून पाणसळीवरच लिहून ठेवावा.

24 इंची पाणसळीवर 3 अंश म्हणजे साधारण सव्वा इंच, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. फळ्यांनी पाच इंचांहून अधिक उंची द्यावी लागत असेल तर नवीन माणसाने ती जागा सोडून द्यावी आणि कॅम्पग्राउंडच्या कार्यालयात दुसरी जागा मागावी. जागा बदलून मागण्यात कोणताही कमीपणा नाही, आणि जागा शिल्लक असेल तर कर्मचारी बहुधा मदतच करतात.

ट्रेलरच्या आत ठेवून फोनवर उंची दाखवणारी उपकरणेही मिळतात आणि ती उपयुक्त आहेत. तरी हा हिशोब हाताने येत असावा, कारण डोंगरात फोनची बॅटरी नेमकी हव्या त्या वेळी उतरते.

आडव्या दिशेने समतल करणे

गाडी मागे घेताना एकाने चालवावे आणि एकानेच दिशा सांगावी. सांगणाऱ्याने चालकाच्या बाजूच्या आरशात सतत दिसत राहावे, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की चालकाने लगेच थांबावे, असा नियम आधीच ठरवून घ्यावा. ‘थांबा’ हा एक शब्द सोडून बाकी कोणतीही सूचना ओरडून देऊ नये. फोनवर बोलत राहणे अधिक चांगले. लहान मुलांना या काळात गाडीत पट्टा लावून बसवावे किंवा कोणाच्या तरी देखरेखीखाली चढाच्या बाजूला, लांब उभे करावे. उताराच्या खालच्या बाजूला, ट्रेलरच्या मागे, आणि गाडी व ट्रेलर यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये.

ट्रेलर जागेवर आला की खालच्या बाजूच्या चाकांपुढे किंवा मागे, जी दिशा सोयीची असेल तिकडे, फळ्या मांडाव्यात. दोन आसांचा ट्रेलर असेल तर त्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली फळी आली पाहिजे. एकच चाक उचलले तर शेजारच्या चाकावरचा भार त्याच्यावर येतो आणि टायर, आस आणि स्प्रिंगच्या पट्ट्या या तिन्हींवर ताण पडतो. एकापेक्षा अधिक थर लागणार असतील तर खालची फळी लांब आणि वरची आखूड ठेवावी, म्हणजे चाक पायरीपायरीने चढते.

आता गाडी अगदी सावकाश हलवून चाके फळीवर मधोमध आणावीत. फळीवरून पलीकडे घसरण्याची भीती असते, म्हणून दिशा सांगणाऱ्याने चाकाकडे पाहत, परंतु किमान सहा-सात फूट बाजूला उभे राहून सूचना द्यावी. चाक फळीवर येताच चालकाने ब्रेक दाबून धरावा आणि पाय काढू नये. सांगणाऱ्याने गाडी आणि ट्रेलर यांच्या मध्ये न शिरता, बाजूला उभे राहूनच ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवर पाणसळ धरून आडवी पातळी पाहावी, आणि ती समाधानकारक असेल तरच पुढच्या टप्प्याकडे वळावे.

चाके रोखणे

सर्वाधिक काळजी या टप्प्यावर घ्यावी. अमेरिकेतील सर्वसाधारण ट्रेलरला हँडब्रेक नसतो. त्याचे विजेवरचे ब्रेक गाडीतून वीज मिळेपर्यंतच काम करतात, आणि जोडणीची तार काढताच चाके मोकळी होतात. काही जण आणीबाणीची ‘ब्रेकअवे’ दोरी ओढून ब्रेक लावून ठेवण्याचा सल्ला देतात, तो अजिबात ऐकू नये. ती व्यवस्था ट्रेलर धावताना तुटून वेगळा झाला तर काही मिनिटे ब्रेक लागावेत यासाठी आहे. तशीच ठेवली तर बॅटरी उतरते, ब्रेक सुटतात आणि ब्रेकमधील विद्युतचुंबक जळण्याचा धोका असतो. म्हणजे गाडी सोडवल्यानंतर ट्रेलर केवळ पाचरींवर थांबलेला असतो.

चाकांजवळची जमीन आधी साफ करावी. पाइनच्या सुया, ओला पाला आणि सुटी खडी पायाने बाजूला सारून घट्ट जमीन उघडी करावी. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना, उताराच्या खालच्या अंगाने, पाचर टायरला घट्ट चिकटेल अशी ठेवून टाचेने किंवा रबरी हातोडीने आत सारावी. त्यानंतर वरच्या अंगालाही पाचरी लावाव्यात. ट्रेलर खाली जाणार, मग वर कशाला, असा प्रश्न पडतो. परंतु हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांची जोडणी, सुटताना ताण मोकळा होऊन ट्रेलर उलट दिशेलाही हिसका देऊ शकतो. फळीवरच्या चाकाची पाचर फळीवर पूर्ण मावत असेल तरच तिथे लावावी. नाहीतर जमिनीवरच्या, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या चाकांवर अधिक भर द्यावा.

पाचरी लागल्या की सर्वांनी दूर व्हावे. चालकाने ब्रेक दाबलेला असतानाच गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा आणि ब्रेक अगदी किंचित सैल करून ट्रेलरला पाचरींवर टेकू द्यावे. ही हालचाल इंचभराचीच असते. ट्रेलर टेकल्याचे जाणवताच ब्रेक दाबावा, गाडीचा हँडब्रेक लावावा, त्यानंतर गिअर ‘पार्क’मध्ये टाकावा आणि इंजिन बंद करावे. या क्रमामुळे गाडीचा भार गिअरबॉक्समधल्या छोट्या खिट्टीवर न येता हँडब्रेकवर येतो, आणि हिचच्या बॉलवरचा, म्हणजे गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावरचा, ताणही कमी होतो. ट्रेलर पाचरींसकट सरकला तर ते आत्ताच, गाडी जोडलेली असताना कळते, आणि ही चाचणी करण्याचे खरे कारण तेच आहे. सरकला तर पाचरी बदलाव्यात किंवा जागा बदलावी.

ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत राहणाऱ्या वाचकांच्या कॅराव्हॅनला हँडब्रेक असतो. तरीही तिथल्या ट्रेलरची ब्रेकव्यवस्था मागे जाताना आपोआप सैल होणारी असल्यामुळे, हँडब्रेक लावल्यावरही उलट दिशेला तो पूर्ण पकड येण्याआधी थोडा सरकू शकतो. म्हणून त्यांनीही पाचरी टाळू नयेत.

गाडी सोडवणे

पुढच्या जॅकखाली रुंद पाट ठेवावा. ट्रेलरच्या तोंडावर येणारे वजन एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के असते. 6,000 पौंडांच्या ट्रेलरला ते 600 ते 900 पौंड होते, आणि हे सारे वजन जॅकच्या वीतभर पायातून जमिनीत उतरते. मऊ मातीत तो पाय सहज रुततो. तोंड खाली असलेल्या उतारावर जॅक बराच उंच काढावा लागणार असेल तर तो पूर्ण ताणण्याऐवजी खाली रुंद ठोकळ्यांचा ओटा करावा: एक थर आडवा, दुसरा त्यावर काटकोनात, आणि पाया नेहमी वरच्या थरापेक्षा मोठा. एकावर एक नुसते रचलेले अरुंद ठोकळे किंवा सिमेंटच्या पोकळ विटा कधीही वापरू नयेत. अशा विटा भाराखाली अचानक फुटतात.

भार विभागणाऱ्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशनचे बार, बसवलेले असतील तर हिच अजून कुलूपबंद असतानाच जॅकने ट्रेलरचे तोंड आणि गाडीचे मागचे अंग दोन्ही थोडे उचलावे, म्हणजे त्या पट्ट्यांवरचा ताण जातो आणि त्या हाताने निघतात. ताण असताना त्या काढण्याचा प्रयत्न केला तर पट्टी उसळून हाताला किंवा तोंडाला लागते.

मग विजेची तार काढावी आणि कपलरचा, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाशी असलेल्या पकडीचा, खटका उघडावा. खटका उघडत नसेल तर हातोडी मारू नये. बॉलवर अजून ताण आहे असा त्याचा अर्थ असतो, आणि गाडी इंचभर पुढे किंवा मागे घेतली की तो सुटतो. जॅकने कपलर बॉलच्या वर जाईपर्यंत तोंड उचलावे. सुरक्षिततेच्या साखळ्या मात्र या क्षणापर्यंत लावलेल्याच ठेवाव्यात. कपलर मोकळा झाल्यावर मिनिटभर थांबून चाकांकडे आणि जॅकच्या पायाकडे पाहावे. काहीही हलत नाही अशी खात्री पटली की मगच साखळ्या आणि ब्रेकअवेची दोरी काढावी आणि गाडी पुढे न्यावी. ट्रेलर सरकायचाच असेल तर बहुतेक वेळा तो याच क्षणी सरकतो, आणि साखळ्यांमुळे तो काही इंचांत थांबतो.

लांबीच्या दिशेने समतल करणे

आता ट्रेलर तिवईसारखा उभा आहे: दोन्ही बाजूंची चाके आणि पुढचा जॅक. आतील जमिनीवर, शक्यतो फ्रिजजवळ, पाणसळ लांबीच्या दिशेने ठेवून जॅक वरखाली करावा. हे काम सोपे आहे. फक्त एक तपासणी विसरू नये. तोंड बरेच वरखाली केले तर चाके किंचित फिरतात आणि पाचरी सैल होतात, म्हणून पातळी जमल्यावर प्रत्येक पाचर पुन्हा आत सारावी. एक्स-चॉकही याच वेळी ताणावा.

पिण्याच्या पाण्याची टाकी भरायची राहिली असेल तर ती आधी भरून मग पातळी पाहावी. 40 गॅलन पाण्याचे वजन सुमारे 330 पौंड होते, आणि टाकी आसाच्या पुढे किंवा मागे असेल त्याप्रमाणे तोंडावरचा भार बदलतो.

चारही कोपऱ्यांचे टेकू खाली येईपर्यंत कोणीही आत जाऊन मागच्या बाजूला वावरू नये. पातळी पाहणाऱ्यानेही आसाच्या पुढच्या भागातच थांबावे. एका आसाचा लहान ट्रेलर मागच्या वजनाने तोंड वर करून कलंडू शकतो.

टेकू

कोपऱ्यांवरचे कात्रीसारखे किंवा खाली पडणारे पाय, म्हणजे स्टॅबिलायझर, ट्रेलर उचलण्यासाठी नसतात. त्यांचे काम केवळ आत चालताना होणारे हेलकावे थांबवणे हे आहे. त्यांनी ट्रेलर उचलण्याचा प्रयत्न केला तर पाय वाकतात, ट्रेलरची चौकट पिळवटते, दार घासू लागते. आणि चाकांवरचा भार हलका झाला तर पाचरींची पकडही जाते, जे उतारावर सर्वांत घातक आहे. प्रत्येक टेकूखाली पाट ठेवावा, तो जमिनीला टेकेपर्यंत उतरवावा आणि त्यानंतर हँडल जेमतेम अर्धा फेरा फिरवून थांबावे. उताराच्या खालच्या कोपऱ्यात जमीन दूर असते, तिथे पाटांची उंची वाढवावी, कारण पूर्ण ताणलेला टेकू डुगडुगतो. विद्युत मोटारीचे टेकू असले तर जमिनीला लागल्याचा आवाज ऐकताच बोट काढावे.

यानंतर स्लाइड-आउट उघडावे, वीज आणि पाणी जोडावे. उचललेल्या बाजूला दार असेल तर पायरी जमिनीपासून बरीच वर राहते. तिथे एक भक्कम सुटी पायरी ठेवावी, विशेषतः आई-वडील भारतातून आलेले असतील आणि सोबत असतील तर. छत्री, म्हणजे ऑनिंग, उघडताना तिचे एक टोक मुद्दाम खाली ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावर साचत नाही.

पहिल्या रात्रीनंतर, आणि प्रत्येक पावसानंतर, एक फेरी मारून पाचरी, जॅकचा पाय आणि टेकू हाताने तपासावेत. ओली माती रात्रीतून खचते. पातळी बिघडली असेल तर आधी टेकू सैल करावेत, मग जॅक फिरवावा आणि मग टेकू पुन्हा लावावेत.

निघताना

निघताना क्रम उलटा होतो, आणि निघण्याच्या गडबडीत माणसे पाचरी फार लवकर काढतात. आत काही उरले नाही हे पाहून स्लाइड-आउट आणि पायऱ्या आत घ्याव्यात, चारही टेकू पूर्ण वर करावेत, आणि जॅकने तोंड बॉलच्या वर जाईल इतके उचलावे. गाडी मागे घेऊन कपलर बॉलवर उतरवावा, खटका बंद करून त्यात पिन घालावी. मग जॅक उलटा फिरवून तोंड उचलण्याचा प्रयत्न करावा: गाडीचे मागचे अंगही सोबत वर आले तर कपलर नीट बसला आहे, नुसता ट्रेलर वर आला तर बसलेला नाही. साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या लावाव्यात, ब्रेकअवेची दोरी आणि विजेची तार जोडावी, जॅक पूर्ण वर घ्यावा. गाडीचा ब्रेक दाबून ट्रेलरचे दिवे लागतात का ते पाहावे.

हे सारे झाल्यावर, चालक ब्रेकवर पाय ठेवून बसलेला असताना, पाचरी काढाव्यात. पाचर टायरखाली अडकली असेल तर तिच्यापुढे वाकून ती खेचू नये. गाडी वरच्या दिशेने इंचभर हलवली की ती सुटते. ट्रेलर फळ्यांवरून सावकाश उतरवावा आणि जागेतून बाहेर सपाट रस्त्यावर येऊन थांबावे. तिथे भार विभागणाऱ्या पट्ट्या बसवणे सोपे जाते, म्हणून त्या तिथेच बसवाव्यात, आणि एकाने मागे चालत जाऊन फळ्या, पाट आणि पाचरी मोजून उचलून आणाव्यात.